गोळी सुरू आहे, डोकं दुखतंय, आणि विचारायचं कुणाला

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून, पत्राचा सारांश देतेय.)

वय २९, लग्नाला दोन वर्षं, राहायला भांडुपला सासू-सासऱ्यांबरोबर वन बीएचके मध्ये, नोकरी लोअर परळला. इतक्यात मूल नको असं दोघांचं ठरलंय पण घरी ते सांगितलेलं नाही, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या सात महिन्यांपासून लपवून घेते. पाकीट ऑफिसच्या पर्समध्ये पॅडच्या पाऊचमध्ये असतं, गोळी दुपारी डबा खाल्ल्यावर डेस्कवर घेते. शनिवार-रविवारी कधीकधी राहते. आता मधेच डाग पडतात, चिडचिड होते, नवरा जवळ आला तरी नकोसं वाटतं, वजन तीन किलो वाढलंय, आणि महिन्यातून दोन-तीनदा डोकं भयंकर दुखतं, त्याआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात. ते ट्रेनच्या दगदगीने आणि स्क्रीनने होत असेल असं तिला वाटतं. गोळी लिहून देणाऱ्या गायनॅकने बीपी मोजलं नव्हतं की काही विचारलं नव्हतं. नवरा म्हणतो गूगल वाचून डोक्यात भरवून घेतेस, सगळ्या बायका घेतात. गणपतीत सासूबाईंनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या, त्याही घेतल्या. शेवटी ती विचारते, "ताई, असलं विचारायला लाज वाटते, पण मी हे सहन करू की गोळी बंद करू? बंद केली आणि दिवस राहिले तर? आणि इतके महिने घेतल्यामुळे पुढे मूलच झालं नाही तर?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू पाच-सहा तक्रारी एका दमात लिहिल्यास आणि सगळ्यांना सारखंच वजन दिलंस, पण त्यातली एक मला बाजूला काढायचीय आणि ती आधी सांगते, बाकीचं उत्तर रात्री निवांत वाचलंस तरी चालेल.

त्या नागमोडी रेघा. डोकं दुखायच्या आधी नजरेसमोर चमकतं, कधी समोरच्या चित्राचा एक तुकडाच दिसेनासा होतो, पंधरा-वीस मिनिटांनी ते जातं आणि मग डोकं धरतं. ह्याला डॉक्टर मायग्रेन विथ ऑरा म्हणतात. तुला तेच आहे की नाही हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, मी डॉक्टर नाही, पण तू जे वर्णन केलंयस ते इतकं त्याच्याजवळ जातं की मला गप्प बसवत नाही. नेहमीची गोळी म्हणजे इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टिन अशा दोन हॉर्मोन्सची असते, आणि ज्या बाईला ऑरावालं मायग्रेन आहे तिला इस्ट्रोजन असलेली गोळी देऊच नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांनी कुठल्या बाईला कुठलं साधन चालेल ह्याच्या चार पायऱ्या केल्यात, त्यात हे चौथ्या पायरीवर येतं, म्हणजे नाहीच. कारण अशा बायकांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन स्ट्रोक यायचा धोका आधीच थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजन तो अजून वाढवतं. तुझ्या वयात तो धोका एकूण कमीच आहे, घाबरून रात्रभर जागू नकोस, पण "बघू पुढच्या महिन्यात" असंही करू नकोस.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर, गोळी आजच थांबव, आजपासूनच निरोध वापरा, आणि ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. पाकीट मधेच सोडतेयस आणि मधल्या गोळ्याही राहिल्यात, त्यामुळे गेल्या पाच दिवसांत संबंध आले असतील तर तेही त्यांना सांग, म्हणजे इमर्जन्सी गोळी लागेल का ते ठरवता येईल. आणि मधल्या काळात कधी एका बाजूचा हात-पाय बधिर झाला, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, तर घरच्यांना काय सांगायचं हा विचार न करता सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.

आता बाकीचं बोलू.

तू विचारतेस सहन करू की बंद करू. ह्या प्रश्नातच एक गोष्ट गृहीत धरलीयस, ती म्हणजे गोळी म्हटली की त्रास हा ठरलेलाच, आणि तो निमूटपणे सोसणं ही मूल न होऊ देण्याची किंमत. ही समजूत तुझी एकटीची नाही. माझी पण होती. नव्वदच्या दशकात मोठ्या मुलाच्या पाठीवर इतक्यात दुसरं नको म्हणून मी गोळ्या घेत होते, वर्षभरात दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले, वांग म्हणतात ना ते. तीन वर्षं मी त्यावर क्रीम लावली, पार्लरमध्ये पैसे घातले, हळद-साय सगळं झालं, एका बाईने सुद्धा, गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुद्धा, मला सांगितलं नाही की हे गोळीने होऊ शकतं. मला कळलं ते खूप नंतर, आणि मला डागांपेक्षा राग आला तो ह्याचा की साधी एक ओळ कुणी बोललं असतं तर मी तेव्हाच गोळी बदलून घेतली असती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात साधन वापरणाऱ्या बायकांना विचारलं होतं की त्याच्या साइड इफेक्ट्सबद्दल तुम्हाला कधी कुणी सांगितलं का. देशभरात ६२ टक्क्यांच्या आसपास बायका हो म्हणाल्या. म्हणजे तिघींमधल्या एकीपेक्षा जास्त बायकांना कुणी काही सांगितलेलंच नाही, आणि तू त्यांच्यात आहेस. त्यामुळे नवरा म्हणतो ना सगळ्या बायका घेतात, घेतात गं, पण त्यातल्या कितीतरी जणी न सांगता घेतात आणि न बोलता सोडून देतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की त्रास फक्त आपल्यालाच होतोय.

१९६० मध्ये अमेरिकेत पहिली गोळी आली तेव्हा तिच्यात इस्ट्रोजन १५० मायक्रोग्रॅम होतं, आजच्या बऱ्याचशा गोळ्यांत ते २० ते ३५ च्या मधे असतं. ते असं आपोआप कमी झालेलं नाही. गुठळ्या होऊन बायका दगावल्याच्या तक्रारी येत राहिल्या, १९७० मध्ये तिथल्या सिनेटमध्ये गोळीवर सुनावणी झाली आणि तिथे बोलायला गोळी घेणाऱ्या एकाही बाईला बोलावलेलं नव्हतं, तेव्हा मागे बसलेल्या बायका उभ्या राहून ओरडून प्रश्न विचारायला लागल्या. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात बाईला वाचता येईल असा माहितीचा कागद घालायचा आदेश निघाला. आपल्याकडे केमिस्ट बॉक्समधून स्ट्रिप काढून हातात देतो आणि कागद त्याच्याकडेच राहतो. पुढच्या वेळी कुठलंही साधन घेशील तेव्हा तो कागद मागून घे.

डाग पडण्याचं म्हणशील तर मला वाटतं त्याचं कारण तुझ्या पत्रातच आहे. पहिले दोन-तीन महिने मधेच डाग पडणं कॉमन असतं, नंतर थांबतं. तुझं सातव्या महिन्यातही चालू आहे आणि तूच लिहिलंयस की शनिवार-रविवारी गोळी राहते. गोळी पर्समध्ये, पर्स कपाटात, घरात चार माणसं आणि एक बेडरूम, कशी घेणार तू? दोन दिवस हॉर्मोन गेलं नाही की आतलं अस्तर सुटायला लागतं आणि डाग दिसतात. आणि लागोपाठ दोन किंवा जास्त गोळ्या राहिल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचाच असतो, हेही तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणजे ज्या भीतीने तू हे सगळं सोसत होतीस, दिवस राहण्याची, त्यापासून तू पूर्ण सुरक्षित नव्हतीसच. दोष देत नाहीये तुला. लपवून घ्यावी लागणारी रोजची गोळी ही तुझ्या घराच्या रचनेत बसणारी गोष्टच नाही, एवढंच म्हणतेय.

आणि आता गणपतीतल्या गोळ्या. ह्यावर मला जरा थांबायचंय कारण दर वर्षी श्रावण आला की ह्या गोळ्यांची पत्रं येतात. पाळी पुढे ढकलायला जी देतात ती बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. हे पण हॉर्मोनच आहे, आणि शरीरात गेल्यावर त्यातल्या थोड्या भागाचं इस्ट्रोजन होतं, म्हणून ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांना हीसुद्धा विचार न करता देत नाहीत. तू नेहमीची गोळी घेत होतीस आणि त्यावर ही घेतलीस. तुझ्या पाकिटातल्या हॉर्मोनच्या गोळ्या संपल्या की गॅप न ठेवता पुढचं पाकीट सुरू केलं असतं तरी पाळी लांबली असती, दुसऱ्या गोळीची गरजच नव्हती, पण हे घरात बोलणार कसं? मला ह्यातली खरी गोष्ट हीच दिसते. एक हॉर्मोनची गोळी घरात उघडपणे येते, सासूबाई स्वतः आणतात, गौरींसमोर अडचण नको म्हणून सगळ्यांच्या देखत तू ती घेतेस आणि कुणी विचारत नाही की हिला काही त्रास होईल का. आणि दुसरी हॉर्मोनची गोळी, जी तू तुझ्या आयुष्यासाठी घेतेस, ती पॅडच्या पाऊचमध्ये. सासूबाईंच्या मनात वाईट काही नसेल, त्यांनीही आयुष्यभर तेच केलं असणार. पण पुढच्या वर्षी "मला डॉक्टरांनी ह्या गोळ्या बंद सांगितल्यात, डोक्याचा त्रास आहे" एवढं वाक्य तू म्हणू शकतेस, आणि ते खोटंही नसेल, डॉक्टरांना ते विचारून ये फक्त.

चिडचिड आणि नकोसं वाटणं. ह्याला मनाचे खेळ म्हणून कुणी उडवून लावलं तर ऐकू नकोस. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी बघून २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात हॉर्मोनची साधनं वापरणाऱ्यांमध्ये डिप्रेशनची औषधं पहिल्यांदा सुरू व्हायचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. प्रत्येकीला होतं असं नाही, बऱ्याच जणींना काहीच होत नाही, आणि तुझ्या बाबतीत दोन तास ट्रेन, लपवाछपवी आणि रोज कुणीतरी "गोड बातमी कधी" विचारणं ह्याचाही वाटा असू शकतो. दोन्ही खरं असू शकतं. गोळी थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत फरक पडतो का बघ, तारखेसकट मोबाईलमध्ये लिहून ठेव. फरक पडला नाही तर त्यासाठी वेगळी मदत घ्यायची, तीही लाजायची गोष्ट नाही.

वजनाचं मात्र मी गोळीवर ढकलणार नाही. नेहमीच्या गोळीने वजन खूप वाढतं असा ठोस पुरावा अभ्यासांत सापडलेला नाही, काही जणींच्या अंगात पाणी धरतं एवढंच. तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनने, सरकारी दवाखान्यात अंतरा म्हणतात ते, त्याने वाढू शकतं. आणि मूल न होण्याची भीती, ती तर आजच काढून टाक. गोळी सोडल्यावर बीज तयार होणं लवकरच पुन्हा सुरू होतं, कितीतरी जणींना पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच दिवस जातात, म्हणून तर निरोध लगेच सुरू कर म्हणतेय. उशीर होतो तो त्या इंजेक्शननंतर, तेही कायमचं नसतं.

मग आता काय वापरायचं? तू फक्त दोनच रस्ते धरलेस, गोळी नाहीतर दिवस राहणं, तसं नाहीये. तांबी आहे, म्हणजे कॉपर-टी, हिच्यात हॉर्मोन अजिबात नसतं त्यामुळे मायग्रेनवालीला चालते, मूल झालेलं नसलं तरी बसवता येते, ३८० ए प्रकारची दहा वर्षं चालते आणि हवं तेव्हा काढता येते. आणि घरात कुणाला दिसतही नाही, हे तुझ्यासाठी मोठं आहे. पण तिचाही त्रास आहे, पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात दुखतं, आधीच अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन बघूनच ठरव. इस्ट्रोजन नसलेली एकट्या प्रोजेस्टिनची गोळी असते, ती डॉक्टर बघून देऊ शकतात, पण ती रोज ठरल्या वेळेला घ्यावी लागते आणि तुझा शनिवार-रविवार तिथेही आड येईल. मग छाया नावाची गोळी, बाहेर सहेली नावाने मिळते, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हॉर्मोन नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच. हिने पाळी लांबते, तेवढी धाकधूक असते, आणि पीसीओडी असलेल्यांना ती देत नाहीत. निरोध तर आहेच. नवऱ्याला तो नकोसा वाटत असेल कदाचित, तू लिहिलं नाहीस, पण सात महिने तू स्वतःच्या डोक्यावर घेतलंस, आता काही महिने त्याने घेणं हे मला अजिबात जास्त वाटत नाही.

त्याच्याशी बोलताना गूगलचं नाव काढू नकोस, तो तिथेच अडकेल. "मला डोळ्यांसमोर रेघा दिसतात आणि ह्या गोळीने मला स्ट्रोकचा धोका वाढू शकतो, शुक्रवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल" असं सरळ सांग. बरोबर आला तर डॉक्टरांचं तोही ऐकेल. त्याला काही शंका किंवा भीती असेल तर तू समजावत बसण्यापेक्षा तोच प्रश्न त्याला डॉक्टरांना विचारू दे.

डॉक्टर कोण, तर आधीच्यांकडेच जायला हवं असं काही नाही. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा हेल्थ पोस्टला तांबी, छाया, निरोध सगळं फुकट मिळतं, तिथली सिस्टर बीपी पाच मिनिटांत मोजून देते. परळला तू रोज उतरतेसच, केईएम हॉस्पिटल तिथून चालत आहे, ओपीडीला सकाळी लवकर जावं लागतं आणि गर्दी असते, एक हाफ डे धरून चल. आत गेल्यावर "डोकं दुखतं" एवढंच म्हणू नकोस, ते दिवसातून शंभर बायका म्हणतात. रेघा दिसतात, किती मिनिटं, कुठल्या डोळ्यापुढे, त्यानंतर किती वेळ डोकं दुखतं, हे सांग. घरात कुणाला लहान वयात स्ट्रोक, हार्टचा त्रास किंवा पायात गुठळी झाली होती का ते आईला फोन करून आधीच विचारून ठेव.

आणि ते असलं विचारायला लाज वाटते म्हणालीस ना. ह्याच मुंबईत १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, १९२७ पासून १९५३ पर्यंत मासिक चालवून त्यात वाचकांच्या ह्याच प्रश्नांना छापून उत्तरं दिली, खटले झाले तरी. तेव्हाही लोक विचारत होते. तू शंभर वर्षांनी विचारतेयस, त्यात लाज कसली?

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. नेहमीची दोन हॉर्मोनची गोळी वाईट नाही, लाखो बायकांना ती छान चालते, पाळीतला त्रास कमी होतो, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोकासुद्धा कमी होतो. पण पस्तिशीच्या पुढे आणि सिगरेट ओढत असाल, बीपी वाढलेलं असेल, पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, लिव्हरचा मोठा आजार किंवा ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, बाळ अंगावर पितंय आणि सहा महिन्यांच्या आतलं आहे, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असरच कमी होतो, आपल्या शहरात हे किती जणींना लागू असेल विचार करा. गोळीगोळीतही फरक असतो, युरोपच्या औषध नियामकांच्या आकड्यांत, वर्षभरात दर १०,००० बायकांमागे गोळी न घेणाऱ्या साधारण २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीवर ५ ते ७, ड्रोस्पायरेनॉनवाल्या गोळीवर ९ ते १२ (ही दोन्ही प्रोजेस्टिनच्याच प्रकारांची नावं). गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर त्याहून जास्त, हेही लक्षात असू द्या. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक दिसेनासं झालं, तर थांबायचं नाही. आणि ७२ तासांच्या आत घ्यायची ती इमर्जन्सी गोळी महिन्यातून दोन-तीनदा घेणाऱ्या मुलींनो, ती त्यासाठी नाही, पाळीचं चक्र बिघडतं आणि दिवस राहायची भीतीही जात नाही, रोजचं एखादं साधन धरा.

अजून एक, औषधाने त्रास झाला तर तो आपण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच पाहिजे असं नाही. भारत सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तुझ्या डोकेदुखीचीही नोंद कर, आपण कळवलंच नाही तर कुठल्या गोळीने कुणाला काय होतंय ते कागदावर येणार कसं.

आणि ती अर्धी उरलेली स्ट्रिप रागाने ट्रेनमधून फेकून देऊ नकोस. पाऊचमध्ये आहे तशीच ठेव आणि शुक्रवारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, गणपतीतली पण सापडली तर तीही, नाव आणि डोस त्याच्या मागेच छापलेला असतो.